सही जुळत नाही

आमची आत्या बँकेत सह्या तपासायची. १९६५ साली लागली, २००४ साली निवृत्त झाली आणि मधल्या ३९ वर्षांतली निदान ३० वर्षं तिने समोर चेक आणि शेजारी खातेदाराच्या नमुना सहीचं कार्ड ठेवून काढली. सही जुळली तर पैसे, नाही तर चेक परत. परत करताना ती एकच वाक्य बोलायची, ‘सही जुळत नाही.’ आवाज चढवायची नाही, कपाळाला आठी घालायची नाही. समोरचा गृहस्थ ‘अहो, मीच केलीय, आत्ता, तुमच्यासमोर’ म्हणून कितीही तडफडला, तरी ती शांतपणे म्हणायची, ‘तुम्ही तुम्हीच असाल हो. सही तुमची नाही.’

हा सूर पुढे घरात आला. भाजीवाला ‘सकाळची कोथिंबीर आहे, ताई’ म्हणाला की ती जुडी उलटी करून देठाकडे बघायची आणि तिच्या चेहऱ्यावर ‘जुळत नाही’ उमटायचं. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ हे वाक्य पडलं की बैठकीतले सगळे आधी मुलाकडे बघायचे, मग आत्याकडे. एकूण काय, बतावणी नावाच्या गोष्टीचा ती काळ होती.

आणि हीच बाई रोज सकाळी ८.१४ च्या चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हातातल्या पुस्तकात तोतयांच्या गोष्टी वाचत उभी असायची. तोतये साधे नव्हेत. पुरुष बनून तलवार लटकावणाऱ्या मुली, झगा घालून पंखा हलवणारे तरुण, नोकर म्हणून राबणाऱ्या खानदानी लेकी आणि जुळ्या भावाच्या नावाने वावरणारे भाऊ. सगळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचे, सगळे एकमेकांशी अत्यंत तिरकस आणि सभ्य बोलणारे, आणि सगळे शेवटच्या पानावर लग्नाला उभे राहणारे. लेखिका जॉर्जेट हेयर. १९०२ साली विंबल्डनला जन्मलेल्या या बाईने आजारी भावाची करमणूक म्हणून एक गोष्ट रचली, ती एकोणिसाव्या वर्षी, १९२१ मध्ये, पुस्तक म्हणून छापून आली, आणि मग पन्नासाहून जास्त पुस्तकं लिहून १९७४ साली बाई गेली. आत्याच्या हिशेबात मात्र ती अजून गेलेली नाही. ‘हेयरबाई म्हणते’ असं ती आजही वर्तमानकाळातच बोलते.

अडचण कव्हरांची होती. स्टेशनाजवळच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत हेयरबाईंच्या पॅनच्या पेपरबॅक प्रती असायच्या आणि त्यांच्यावर बहुधा उघड्या खांद्यांची एक तरुणी आणि तिच्या अंगचटीला येऊ पाहणारा एक गृहस्थ असे. आत दोनशे पानं झाली तरी दोघांचा हातात हात येत नाही, पण हे बाहेरून कळायचं कसं? चेक पास करणाऱ्या पासिंग खात्यातल्या बाईने असलं पुस्तक टेबलावर ठेवलं, तर दुसऱ्याच दिवशी खातेदार तिला सह्यांबद्दल प्रश्न विचारायला लागतील, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने खाकी कागदाचं कव्हर केलं आणि त्यावर चिठ्ठी डकवली, ‘सी. ए. आय. आय. बी., पार्ट वन’. ही बँकवाल्यांची व्यावसायिक परीक्षा. पास झालं की पगारवाढ. पेपरबॅकचा आकार सारखा, त्यामुळे कव्हर एकच, आतली पुस्तकं बदलती. तेव्हा तोतयांची पुस्तकंसुद्धा तोतया होऊनच बँकेत जात.

परिणाम असा झाला, की आत्या वर्षानुवर्षं पार्ट वनचा अभ्यास करते आहे अशी बँकेची समजूत झाली. ‘बाई इतकं वाचतात, पण यश नाही बिचाऱ्यांना,’ असं लोक हळहळायचे. डबा खाताना ती पुस्तकात डोकं घालून हसली, की शेजारचा कॅशियर म्हणायचा, ‘ताण येतो हो परीक्षेचा.’

या जातीचे वाचक मी पुढे बरेच पाहिले. एक जण इन्कमटॅक्समध्ये होता, एक पॅथॉलॉजिस्ट बाई होत्या, एक मास्तर उत्तरपत्रिकांतली कॉपी पकडण्यात वाकबगार होते. दिवसभर खरंखोटं निवडणं हा ज्यांचा धंदा, त्यांनाच रात्री वेषांतराच्या गोष्टी लागतात. हे लोक कादंबरी ‘पुढे काय होतं’ म्हणून वाचत नाहीत. पुढे काय होतं ते त्यांना तोंडपाठ असतं. आत्याने ‘द मास्करेडर्स’ नावाची हेयरबाईंची १९२८ ची कादंबरी किती वेळा वाचली, हे लायब्ररीच्या तारखांच्या चिठ्ठीवरून कळत असे. त्या चिठ्ठीवर दुसऱ्या कोणाचा शिक्का जवळजवळ नव्हताच. असल्या वाचकाला पुस्तक विकत घे म्हणावं तर तो दुखावतो. घरचं पुस्तक कसं चोरून वाचणार?

घरात मात्र तिची चोरी पहिल्या वर्षीच पकडली गेली, सासूबाईंकडून. आजींना इंग्रजी येत नव्हतं, पण सून रात्री कंदिलासारखा छोटा दिवा लावून पोथी वाचते आणि मधेच खुदकन हसते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. एका एकादशीला त्यांनी विचारलं, ‘काय गं, तुझ्या इंग्रजी पोथीत एवढं हसण्यासारखं काय आहे? आम्हालाही सांग.’ आत्याने वरईचे तांदूळ निवडत सांगायला सुरुवात केली. मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडे होतो, म्हणून ते कीर्तन मला ऐकायला मिळालं.

‘आई, एक बहीणभाऊ आहेत. बहीण उंच, थंड डोक्याची. भाऊ रॉबिन ठेंगणा, देखणा, आणि अंगात शंभर भुतं. १७४५ साली स्कॉटलंडकडून राजाविरुद्ध बंड झालं, त्यात हे अडकले. बंड फसलं, आता भावाला पकडलं तर फाशी. मग काय करतात? बहीण होते पीटर आणि भाऊ होतो तिची बहीण केट. आणि जातात कुठे? लंडनला, सरदारदरकदारांत, सरळ मेजवान्यांना!’

आजी जपमाळ थांबवून म्हणाल्या, ‘म्हणजे विराटपर्वच की गं. भाऊ बृहन्नडा झाला.’

‘बृहन्नडाच. फक्त नाच शिकवत नाही, स्वतःच नाचतो.’

‘आणि यांच्या आईबापाला काही?’

‘आई नाही. बाप सगळ्यांत मोठा सोंगाड्या. जन्मभर नावं बदलत देशोदेशी फिरलेला. तो एक दिवस येऊन म्हणतो, मी अमुक जहागिरीचा खरा वारस. आणि आई, गंमत काय, त्याच्या पोटच्या पोरांचासुद्धा विश्वास बसत नाही. आणि ते निघतं खरं!’

हे सांगताना आत्याचा निवडणारा हात थांबला होता, हे मला अजून आठवतं. जन्मभर खोट्या सह्या करणाऱ्याची एक सही खरी निघते आणि नेमकी तीच कोणाला पटत नाही, यातली मजा आमच्या घरात फक्त तिलाच पूर्ण कळण्यासारखी होती.

त्या वर्षापासून एकादशीला आजींकडे उपासाचं आणि हेयरबाईचं पारायण बरोबरच होऊ लागलं. एकादशा वर्षाला २४, त्यामुळे एक कादंबरी तीन-चार एकादशा पुरायची. आजी शेजारणींना सांगायच्या, ‘आज त्या मुलीचं द्वंद्वयुद्ध आहे, लवकर या.’ पुढे कित्येक वर्षांनी मी आत्याला वाचलेली एक हकीगत सांगितली. रुमानियात राजकीय कैदेत पडलेल्या एका बाईने हेयरबाईंना पत्र लिहिलं होतं, की तुमच्या ‘फ्रायडेज चाइल्ड’ची गोष्ट मी तुरुंगातल्या बरोबरच्या बायकांना बारा वर्षं पुन्हा पुन्हा सांगितली, त्यावर आम्ही तग धरला. मला वाटलं, आत्या गहिवरेल. ती म्हणाली, ‘बारा वर्षं? आमच्या सासूबाईंनी सतरा वर्षं ऐकल्या. आणि एकदासुद्धा तेच ते सांगतेस म्हणाल्या नाहीत.’

तिला वेषांतराच्या कादंबऱ्यांतलं सगळंच चालायचं, असं मात्र नाही. ती हेयरबाईला सुद्धा पासिंगच्या टेबलावर घ्यायची. पहिली परीक्षा, हे सोंग त्या काळात चाललं असतं का? मी कॉलेजात असताना वास्तववादाच्या नव्या नव्या नशेत तिला म्हटलं होतं, ‘आत्या, कपडे बदलले की घरचे लोकसुद्धा ओळखत नाहीत, हे फक्त तुझ्या पुस्तकांत आणि हिंदी सिनेमात.’ तिने चष्मा काढला. हे वाईट लक्षण होतं.

‘त्या वेळचे पुरुष काय घालायचे? केसांचा टोप, त्यावर पावडर. गालावर काळी टिकली. मनगटाला लेस, पायाला उंच टाचा, गुडघ्यापर्यंत रेशमी मोजे. बाई काय घालायची? केसांना पावडर, टिकली, लेस, टाचा. फरक राहिला एका घेरदार झग्याचा. लोक माणूस बघतच नव्हते रे, कपडे बघत होते. ज्याच्या अंगावर सरदाराचा कोट तो सरदार. आमच्या बँकेत सूट घालून माणूस आला की शिपाई खुर्ची देतो, तसंच.’

‘तरी पण खरोखर कोणी केलं असेल का?’

या प्रश्नाची ती वाटच बघत असावी. तेच बंड. १७४६ च्या एप्रिलात कलोडनच्या लढाईत हरल्यावर राजपुत्र चार्ल्स पळाला, तो फ्लोरा मॅकडॉनल्ड नावाच्या तरुणीची आयरिश मोलकरीण बनून. नाव घेतलं बेटी बर्क. आता हा सहा फुटी बाप्या. ओढा ओलांडताना झगा इतका वर उचलला, की बरोबरच्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी टोकलं, तर पुढच्या पाण्यात सगळा झगा भिजवून बसला. ‘आता सांग,’ आत्या म्हणाली, ‘खरा राजपुत्र नापास आणि हेयरबाईचा रॉबिन पास. कादंबरी खऱ्यापेक्षा जास्त काळजी घेते.’

आणि मग तिने तिचा हुकमाचा एक्का काढला. हॅना स्नेल. ही इंग्रज बाई जेम्स ग्रे या नावाने पुरुष म्हणून आरमारी सैन्यात शिरली आणि १७४८ साली लढायला आली कुठे? पाँडिचेरीला! फ्रेंचांच्या वेढ्यात. पायांत गोळ्या लागल्या. इंग्लंडला परतल्यावर, १७५० मध्ये, तिने आपण बाई असल्याचं जाहीर केलं, तिची हकीगत पुस्तकरूपाने छापली गेली आणि तिला सैनिकाचं पेन्शनही मिळालं. त्या पुस्तकात म्हटलंय, की एक गोळी फारच अवघड जागी होती. डॉक्टरला दाखवली तर सोंग उघडं पडणार. म्हणून तिने ती स्वतःच काढली, आणि मदतीला घेतलं इथल्याच एका बाईला.

‘त्या मदतीला आलेल्या बाईचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही,’ आत्या म्हणाली. ‘भाषा एक नाही, देश एक नाही. समोर लष्करी शिपाई, आणि जखम बघते तर बाई! पण तिने ओरड केली का? नाही. गोळी काढली, मलम लावलं आणि गप्प बसली.’ जरा थांबून ती म्हणाली, ‘मला कादंबरी लिहिता आली असती, तर मी हॅनावर लिहिली नसती. हिच्यावर लिहिली असती.’

या वाक्यात तिचं सगळं वाचन होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, वेषांतराच्या गोष्टीची मजा फसवण्यात आहे. बरोबर उलटं होतं. तिने मला सौभद्राचं उदाहरण दिलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या त्या नाटकात अर्जुन यती होऊन येतो. बलराम फसतो, नुसता फसत नाही, तर त्या यतीला मानाने घरात आणून ठेवतो आणि बहिणीला त्याच्या सेवेला लावतो. ‘आता सांग, तू नाटक बघताना कोण असतोस? बलराम?’

‘नाही.’

‘अर्जुन?’

‘नाही.’

‘कृष्ण असतोस. सगळं माहीत, आणि चेहऱ्यावर काही नाही. पहिल्या रांगेपासून पिटापर्यंत सगळं थिएटर कृष्ण झालेलं असतं, म्हणून ते नाटक एवढी वर्षं चाललं. आपल्याला माहीत आहे आणि आपण सांगत नाही, यात केवढं सुख आहे, तुला काय कळणार. तुला साधं मटाराच्या उसळीचं गुपित राहत नाही.’

मग तिची गाडी ‘मानापमाना’वर यायची. १९११ च्या त्या खाडिलकरांच्या नाटकात श्रीमंत भामिनी वनमाला होऊन धैर्यधरासमोर जाते. आणि भामिनी कोण, तर बालगंधर्व. म्हणजे पुरुषाने घेतलेलं बाईचं सोंग आणि त्या बाईने घेतलेलं दुसऱ्या बाईचं सोंग. ‘दोन्ही सोंगं सगळ्या प्रेक्षकांना माहीत. तरी लोक मोहरा मोडून तिकिटं काढायचे. फसायला काढायचे का? कृष्ण व्हायला काढायचे.’

तेव्हा तिच्या पुस्तकांतला खरा नायक कोण, हेही समजून घ्यायला हवं. ‘मास्करेडर्स’मध्ये तलवार चालवणारे, खिडकीतून उड्या टाकणारे, बुरखा घालून प्रेमपत्रं देणारे बरेच आहेत. आत्याचा जीव होता सर अँथनी फॅनशॉवर. हा माणूस अंगाने डोंगरासारखा, डोळे कायम अर्धे मिटलेले. मैफिलीत बसलेला असतो तर लोकांना वाटतं, झोपला. आणि पुरुष बनून वावरणारी प्रुडन्स बाई आहे, हे सगळ्या लंडनमध्ये कोणाच्या लक्षात येतं, तर याच्या. तो बोलत नाही. तिच्यावर एका गृहस्थाशी द्वंद्वयुद्धाची पाळी येते, तेव्हा हा आळसावलेला डोंगर अचानक त्याच गृहस्थाशी भांडण उकरून काढतो, त्याच्याशी स्वतः आधी लढतो, त्याचा हात निकामी करतो आणि पुन्हा डोळे अर्धे मिटून घेतो. तिला कळतच नाही, की आपण वाचलो तो योगायोग होता की काय.

‘खांद्यावर उचलून नेणारे शंभर मिळतील,’ आत्या म्हणायची. ‘ओळखून गप्प बसणारा एक.’

हे ती अशा नवऱ्याच्या समोर म्हणायची, की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हायचं. कारण आमचे आतोबा महापालिकेच्या पाणीखात्यातून आले की आरामखुर्चीत आडवे व्हायचे, तोंडावर वर्तमानपत्र घ्यायचे आणि पहिल्या दोन मिनिटांत घोरायला लागायचे. जागेपणी ते ‘बरं’ एवढंच बोलायचे. आत्या त्यांच्याशी दोन माणसांइतकं बोलून त्यांची कसर भरून काढायची.

माझं एक सोंग आत्यापुढे पडलं होतं, ते सांगायला हवं. आठवीत मी गणितात गडगडलो आणि प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतः केली. अगदी खिडकीच्या काचेवर धरून, जुन्या सहीवरून गिरवली. ते पुस्तक आत्याच्या हातात पडलं. तिने ते उलटं धरलं. सही उलटी धरली की अक्षरं दिसायची बंद होतात आणि नुसत्या रेघा दिसतात, हे ती मला नंतर म्हणाली. मग तिने आधीच्या महिन्यांच्या सह्या बघितल्या आणि विचारलं, ‘गिरवलीस?’

मी गप्प.

‘गाढवा, गेल्या महिन्याच्या सहीशी तंतोतंत जुळतेय. खरा माणूस दोनदा सारखी सही करत नाही. तुझ्या बापाची एकही सही दुसरीसारखी नाही. आणि ही रेघ बघ, कशी थरथरलीय. सही करणारा झरकन करतो. खोटी करणारा चित्र काढतो.’

माझ्या वडिलांना तिने हे कधीच सांगितलं नाही. फक्त पुढच्या सहामाहीपर्यंत दर रविवारी मला गणिताला बसवलं. तेव्हा मला ती शिक्षा वाटली होती.

हेयरबाईच्या वागण्यातही तिला हाच हात दिसायचा. बाई हजारावर संदर्भग्रंथ बाळगणारी, वेलिंग्टनच्या लिहिण्याची लकब अचूक यावी म्हणून त्याचं एक मूळ पत्र विकत घेणारी. तिची नक्कल करणाऱ्या एका लेखिकेचं पुस्तक तिच्या हाती पडलं. त्यात एक शब्दप्रयोग होता. हेयरबाईने तो खाजगीरीत्या छापलेल्या एका आठवणींच्या पुस्तकातून उचलला होता, बाजारात न मिळणाऱ्या. म्हणजे हा शब्द दुसरीकडून आलाच नसणार. पकडली! हे वाचलं त्या दिवशी आत्याने घरात शिरा केला. ‘एका रेघेवरून पकडली,’ ती पुनःपुन्हा म्हणत होती. ‘ही बाई आमच्या खात्यात हवी होती.’

आणि स्वतः बाई? मुलाखती देत नसे. घरी-दारी ती मिसेस रूजिए. जॉर्जेट हेयर म्हणजे हीच, हे बहुतेक वाचकांना कळलं ते १९७४ साली, मृत्युलेखांतून. आयुष्यभर सोंगांवर लिहिणाऱ्या बाईचं स्वतःचं सोंग शेवटच्या पानापर्यंत टिकलं.

तरी आत्याची आंधळी भक्ती नव्हती. ‘एवढ्या लेसा रोज धुतं कोण, ते बाई एकदाही सांगत नाही,’ ही तक्रार कायम. ‘द ग्रँड सोफी’मधला ज्यू सावकार तर तिने कधीच मान्य केला नाही. ‘हे माणूस नाही, हे लोकांनी काढून ठेवलेलं चित्र आहे. बाईने गिरवलंय,’ ती म्हणाली आणि पुस्तक बंद करून शांतपणे म्हणाली, ‘इथे तिची सही जुळत नाही.’ बाकीच्या कादंबऱ्या ती पुन्हा पुन्हा वाचते, ही नाही.

२००४ साली तिचा निरोपसमारंभ झाला. समोसे, वेफर्स, शाल, श्रीफळ. व्यवस्थापक भाषणाला उभे राहिले. ते नवे होते आणि सहकाऱ्यांनी त्यांना माहिती पुरवली होती. ते म्हणाले, ‘जिद्द काय असते ते बाईंकडून शिकावं. यश आलं नाही, पण सी. ए. आय. आय. बी.चा अभ्यास त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत सोडला नाही.’ टाळ्या पडल्या. दोन बायकांनी डोळे टिपले. आत्या उठली, नमस्कार केला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाली, ‘परीक्षेत पास होणं महत्त्वाचं नाही. अभ्यासात आनंद आहे.’ मी मागच्या रांगेत होतो. शेजारी आतोबा बसले होते, डोळे अर्धे मिटून.

घरी आल्यावर तिने पर्समधून शेवटचं पुस्तक काढलं आणि त्याचं खाकी कव्हर उतरवलं. मग कपाटातून आणखी एक कव्हर काढलं, जुनं, फाटलेलं, पावसाने डाग पडलेलं. दोन्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवली. जुन्यावर तिच्या अक्षरात ‘पार्ट वन’. नव्यावर ‘पार्ट टू’.

‘तू पार्ट टूला कधी गेलीस?’

‘मी नाही गेले. १९७६ च्या पावसात पहिलं कव्हर भिजून फाटलं. तसंच ते टेबलावर ठेवून मी झोपले. सकाळी पर्स उघडते तर पुस्तकाला नवं कव्हर, घड्या अगदी काटकोनात. आणि चिठ्ठी. पार्ट टू.’

मी चिठ्ठी बघितली. अक्षर आत्याचंच वाटत होतं. तिने ती उचलून उलटी धरली आणि माझ्यापुढे सरकवली.

‘आता बघ. ही रेघ थरथरलीय. इथे पेन उचललंय, इथे पुन्हा टेकवलंय. माझा ट असा पोट काढून बसत नाही. झरकन लिहिलेलं नाही हे, चित्र काढलंय. आणि बँकेत पार्ट वनला अकरा वर्षं लावली तर लोकांना संशय येईल, म्हणून वरच्या वर्गात घातलंय.’

‘म्हणजे त्यांना आधीपासून…’

‘विचारलं नाही.’

‘अठ्ठावीस वर्षं?’

‘त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.’

‘पण तुला तर दिसलं होतं. सही जुळत नव्हती.’

‘नव्हती,’ आत्या म्हणाली. दोन्ही कव्हरं एकावर एक ठेवून तिने त्यांच्या कडा हाताने सारख्या केल्या. ‘नोकरीत एवढीच एक पास केली.’

आरामखुर्चीतल्या वर्तमानपत्राखालचं घोरणं थांबलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कागद हलला नाही. थोड्या वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच एका तालात.

आत्याने तिकडे मान न वळवताच म्हटलं, ‘जुळत नाही.’